फक्त मतदानाला येणारा

आमच्या शहरात निवडणुकीचा अंदाज हवा असेल तर लोक माझ्या दुकानात येतात, मी काय सांगतो ते नीट ऐकून घेतात आणि बरोबर त्याच्या उलट धरून चालतात. म्हणजे माझा अंदाज कामाला येतो, पण कसा ते सांगायची सोय नाही.

तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दाखले, उतारे, अर्ज, फोटो, लॅमिनेशन. नंदुरबारातला निम्मा माणूस कधी ना कधी माझ्या काउंटरवर कोपर टेकवून उभा राहिलेला असतो. त्यामुळे माझा असा समज झाला, की मला माणूस कळतो. कोणाचा कल कुठे आहे हे मी त्याच्या बोलण्यावरून, चपलेवरून, चहाला नाही म्हणण्याच्या पद्धतीवरून ओळखतो. एका वर्षी मी गल्लीतल्या घराघरांत कोणत्या पुढाऱ्याचं कॅलेंडर लागलंय ते बघत हिंडलो आणि सभेत छातीठोक सांगितलं, की हा वॉर्ड आपला. आपटलो. मागाहून कळलं, की आमच्या कॅलेंडरातले चौकोन मोठे होते, बायकांना दुधाचा हिशेब लिहायला बरे पडत होते, म्हणून ते भिंतीवर होतं. मतं ज्यांना द्यायची त्यांना दिली गेली होती.

तरी पक्षाने मला ठेवून घेतलं. एक तर माझ्याकडे झेरॉक्स फुकट व्हायची. दुसरं, मतदान केंद्राबाहेर टेबल लावून दिवसभर स्लिपा फाडत बसायला आजकाल कोणी तयार नसतं. तरुण पोरं गाड्यांवर झेंडे लावून फिरतात. टेबलाला माझ्यासारखेच लागतात, ज्यांना बसून राहायची सवय आहे.

मी मतदारयादीवर खुणा करायचो. आपला असेल तर बरोबर, त्यांचा असेल तर फुली, आणि कळत नसेल तर प्रश्नचिन्ह. बहुतेक घरांच्या खुणा दर निवडणुकीला बदलायच्या. एकच घर असं होतं, की ज्याच्यापुढे पहिल्यापासून प्रश्नचिन्ह होतं आणि ते कधी हललं नाही. ते माझ्या शेजारचं घर. भिंतीला भिंत.

त्या घरात आक्का एकटी राहते. नवरा फार लवकर गेला. आयुष्यभर मिरचीच्या पथारीवर कामाला जात आली, अजूनही जाते. शहराबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, त्याला आमच्याकडे पथारी म्हणतात. हंगामात तिकडून वारा आला तर बसस्टँडवर उतरलेला पाहुणा आधी शिंकतो आणि मग पत्ता विचारतो. आक्का तिथे दिवसभर बसून मिरच्यांची देठं काढते. संध्याकाळी घरी आली की बोटं पाण्यात बुडवून ओट्यावर बसते. बोटांची आग होते, पण ते ती कोणाला सांगत नाही. आपण विचारलं तर म्हणते, सवय व्हई गई.

तिला एकच मुलगा. तो सुरतला, उधन्याकडे, कापडाच्या मागावर कामाला आहे. मला मामा म्हणतो, कारण आक्का मला भाऊ म्हणते. लहानपणी माझ्या दुकानातले वाया गेलेले कागद घेऊन त्यांची विमानं करायचा. आता त्याला दोन मुलं आहेत आणि डोक्यावरचे केस माझ्यापेक्षा कमी.

सून आणि आक्का यांचं पटत नाही. नेमकं काय झालं ते मी दोन्हीकडून ऐकलं, आणि मला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या. मग मला वाटलं आपण मध्ये पडावं. मी मध्ये पडलो. सुनेला फोन करून सांगितलं, की आक्काच्या मनात काही नाही. ती म्हणाली, मनात नाही मग तोंडात कुठून येतं? मी आक्काला जाऊन सांगितलं, की सून असं म्हणते. त्या दिवसापासून सुनेने इकडे पाऊल टाकलं नाही. मध्यस्थ म्हणून माझी ती पहिली आणि शेवटची कामगिरी.

सुरतचे माग दिवाळीत बंद असतात, पण दिवाळीला तो बायकोच्या माहेरी नवसारीला जातो. होळीला सुट्टी मिळत नाही, आणि मिळाली तरी घरातून निघताना कारण सांगावं लागतं. आईला भेटायला जातो, एवढं म्हटलं की पुढचे आठ दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नाही. हे तो मला एकदा हसत हसत म्हणाला होता.

पण निवडणूक आली की वेगळं. आमच्याकडची पुष्कळ माणसं पोटासाठी सुरतला असतात, आणि त्यांची नावं मात्र इथल्या यादीत असतात. मग मतदानाला इथून गाड्या जातात, भरून आणतात, जेवू घालतात, संध्याकाळी नेऊन सोडतात. कायद्यात ते बसत नाही. बोलताना आम्ही त्याला ‘सोय’ म्हणतो. पुढारी मागाच्या शेठला स्वतः फोन करतो, त्यामुळे सुट्टी मिळते. गाडी फुकट. सून काही बोलू शकत नाही, कारण नवरा आईकडे जात नसतो, मतदानाला जात असतो.

तर आक्काचा मुलगा असा मतदानाला यायचा. सकाळी निघून दुपारपर्यंत पोचायचा. आक्काने डुबुकवड्यांची आमटी, म्हणजे रश्शात सोडलेले बेसनाचे गोळे, केलेली असायची, कारण तेवढी एक गोष्ट सुरतला कोणी करत नाही. जेवण करून दोघं मतदानाला यायची. शाळेच्या फाटकापासून माझ्या टेबलापर्यंत आक्का त्याच्या दंडाला धरून चालायची. चालायला तिला कोणाची गरज नव्हती. पथारीवर ती मिरचीची पोती ओढते.

मी मात्र या सगळ्यात भलतंच बघत होतो. आक्का मला सारखं विचारायची, काय भाऊ, आते निवडनूक कवय शे? लोकसभा झाली की विधानसभेचं विचारायची, विधानसभा झाली की पालिकेचं. एक वर्ष लोकसभा आणि विधानसभा दोन्ही आल्या तेव्हा तिने गल्लीत साखर वाटली. मी भारावून गेलो. एका सभेत मी माईक हातात धरून म्हणालो, की आमच्या गल्लीत एक अशिक्षित मजूर बाई आहे, तिला लोकशाहीची जेवढी ओढ आहे तेवढी आपल्या शिकलेल्यांना नाही. टाळ्या पडल्या. आक्का सभेला नव्हती. असती तर तिला कळलं नसतं, की हे कोणाबद्दल चाललंय.

एकदा मी तिला सरळ विचारलं, की आक्का, तुम्ही मत नेमकं कोणाला देता? ती म्हणाली, “ज्यानी गाडी धाडी त्याले. इतला लांबथून मन्हा पोऱ्याले लई उना, त्याले नको देवाले का?”

लई उना म्हणजे घेऊन आला. कधी आमची गाडी त्याला आणायची, कधी समोरच्यांची; ज्याची आधी निघेल त्यात तो बसायचा. म्हणजे ज्या घरापुढे मी इतकी वर्षं प्रश्नचिन्ह काढत होतो, तिथलं उत्तर एवढं सोपं होतं. मी तिला विचार, धोरण, विकास यावर बरंच काही सुनावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, की पुढल्या वेळी गाडी जरा लवकर नाही का निघणार? म्हणजे त्याला दोन घास निवांत खाता येतील.

पालिकेच्या निवडणुका मग लांबतच गेल्या. नगरसेवक गेले, प्रशासक बसले. लोक म्हणायचे, बरंय, कटकट नाही. एकटी आक्का तेवढी नाराज होती.

विधानसभेच्या निकालानंतर आमच्या पुढाऱ्याने बैठक घेतली. कोणत्या बूथवर किती टक्के मतदान झालं त्याचा कागद त्याच्या हातात होता आणि माझं बूथ सगळ्यात खाली होतं. वयाने तो माझ्या धाकट्या भावाएवढा. सगळ्यांसमोर मला म्हणाला, “काका, तुमच्या बूथपेक्षा जास्त माणसं मयतीला जमतात. तिथे तर कोणी स्लिपाही वाटत नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

दोन दिवस डोकं चालवलं आणि मला उपाय सापडला. मतदान वाढवायचं म्हणजे माणसं बाहेर काढायची, असं सगळे समजतात. ते अवघड आहे. पण यादीच छोटी केली तर? यादीत मेलेले आहेत, लग्न होऊन गेलेल्या पोरी आहेत, नाशिकला पुण्याला बदलून गेलेले आहेत. ते काही येत नाहीत आणि टक्का खाली ओढतात. त्यांना कमी केलं की माणसं तितकीच, टक्का वर. घरात जेवायला कोणी येत नसेल तर ताटं कमी मांडावीत, इतकं सरळ. मला माझाच इतका अभिमान वाटला, की बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “शाळेत तुम्हाला गणितात नापास कसं केलं त्यांनी?” तिचं बोलणं खवचट होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

यादी तपासायला ज्या मॅडम येतात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतात. शाळा सुटल्यावर दारोदार फिरायचं, लोकांची बोलणी खायची. एरवी त्यांना कोणी पाणी विचारत नाही. या वेळी मी दुकान बंद करून त्यांच्याबरोबर निघालो. त्यांची पिशवी धरली, कुत्री हाकलली, प्रत्येक दारात स्वतः हाक मारली. हे वारले, मॅडम. ही दिली शिरपूरला. हे गेले मुलाकडे, आता येत नाहीत. मॅडम म्हणाल्या, तुमच्यासारखे चार लोक मिळाले तर काम होईल हो. मी आणखी ताठ चालायला लागलो.

आक्काच्या दारात आलो तेव्हा ती नुकतीच पथारीवरून आली होती. नाकातोंडाला बांधलेलं फडकं अजून गळ्यात होतं. मॅडमनी विचारलं, की मुलगा इथेच राहतो का. आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सांगा ना आक्का, जे असेल ते खरं सांगा.

“तो सुरतमा शे,” आक्का म्हणाली, आणि ओढणी सारखी करतात तसं गळ्यातलं फडकं सारखं केलं. “तठे घर लिधं त्यानी. सोतानं. पोरे इंग्रजी शाळामा जातस.”

मॅडम लिहीत होत्या. त्यांनी विचारलं, की इकडे येतो का कधी.

“येस ना. मतदानले येस.”

मी हसलो. मॅडमना म्हणालो, फक्त मतदानाला येणारे असे बरेच आहेत आमच्याकडे.

मॅडमनी खूण केली आणि पुढचं घर विचारलं. नियमाने त्यांनी करायचं तेच केलं. माणूस जिथे राहतो तिथेच त्याचं नाव असावं, यात त्यांचं काय चुकलं? आक्काने दोघांना पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. आम्ही निघालो तेव्हा तिने मला मागे बोलावून हळूच सांगितलं, की सरकारी बाईने माझ्या पोराची चौकशी केली, बरं वाटलं.

मुलाचं सगळं मला माहीत होतं. सून, नवसारी, शेठ, गाडी, आमटी, सगळं. पण त्या दिवशी मी त्याच्याकडे फक्त यादीतलं एक नाव म्हणून बघत होतो, आणि त्यातही टक्का खाली ओढणाऱ्यांच्या रांगेत त्याला धरत होतो. तो तर दर वेळी येणारा. टक्का वाढवणारा. टक्क्याच्या हिशेबानेसुद्धा मी गाढवपणा केला होता.

नोटीस निघाली असणार, मुदत गेली असणार. दिवसभर कुलूप असलेल्या घरात कोण हरकत घेणार? मी विसरूनही गेलो.

अखेर पालिकेची निवडणूक लागली. मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. गल्लीत पहिली रिक्षा भोंगा लावून फिरली त्या संध्याकाळी आक्का माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि गाडी कधी जाणार ते विचारून गेली. दुसऱ्या दिवशी तिने हरभऱ्याची डाळ दळून आणली.

सुरतच्या लोकांना फोन करायचं काम या वेळी माझ्याकडे होतं. नवी यादी मोबाइलवर आली होती. मी एकेक नाव शोधत गेलो. आक्काचं नाव सापडलं, त्याच्याखाली मुलाचं नाव असायचं, तिथे दुसऱ्याच घराचं नाव होतं. मी पुन्हा शोधलं. आडनावाने शोधलं, बापाच्या नावाने शोधलं. मग मोबाइल उलटा करून काउंटरवर ठेवला आणि एका गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची उगाच पाच-सहा झेरॉक्स काढल्या.

संध्याकाळी मुलाला फोन लावला. मागे मागांचा खडखडाट होता. तो बाहेर आला तेव्हा आवाज कमी झाला. त्याने आधी गाडीचंच विचारलं. शेठच्या कानावर त्याने घालून ठेवलं होतं, घरीही सांगून झालं होतं. मी त्याला सांगितलं, की तुझं नाव या वेळी यादीत नाही. कसं काय, म्हणाला. मी म्हणालो, तू तिकडे राहतोस म्हणून कमी झालं.

त्याने आत कोणाला तरी हाक मारून माग बघायला सांगितलं. मग म्हणाला, “मंग मी घर काय सांगू, मामा?”

“आईला भेटायला जातो म्हणून सांग.”

“मामा, तुमले बठं माहीत शे.”

सगळं माहीत होतंच. मी म्हणालो, नाव नसलं तरी गाडीत बस, मी जागा ठेवतो. तो म्हणाला, बघतो.

बघतो या शब्दाचा अर्थ मला तरी नव्याने शिकायची गरज नव्हती. प्रचारात दारोदार हिंडताना मला हजारो माणसांनी बघतो म्हणून सांगितलंय आणि त्यातलं कोणी काही बघितलेलं नाही. तरी मी त्या दिवशी तो होकार धरला.

गाड्यांचं काम बघणाऱ्या कार्यकर्त्याला मी एक जास्तीची जागा मागितली. तो म्हणाला, नाव नाही त्याला आणून काय त्याची आरती करायची? मी म्हणालो, त्याच्या आईचं मत आहे. तो म्हणाला, आई तर इथेच आहे ना, तिला आणायला गाडी कशाला? पैशाचा प्रश्न असता तर मी रेल्वेचं तिकीट काढून दिलं असतं. तिकीट त्याला स्वतःलाही परवडत होतं. नव्हतं ते घरातून निघताना सांगायचं कारण, आणि ते माझ्या दुकानात मिळत नव्हतं.

आक्काला मी काही सांगितलं नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. एकदा गेलो तर ती पितळी पातेलं चिंचेने घासत होती. एकदा गेलो तर तिने मलाच बसवून विचारलं, की त्याच्या पोरांसाठी काय द्यावं बरोबर? मी म्हणालो, शेव द्या. एवढं सांगून परत आलो.

मतदानाच्या दिवशी ती लग्नकार्यात नेसायची हिरवी साडी नेसून सकाळीच शाळेसमोरच्या ओट्यावर येऊन बसली. पथारीचा खाडा केला होता. आमच्या टेबलावरच्या एकाने तिला हाक मारली, की आक्का, गर्दी नाही, उरकून घ्या. ती म्हणाली, पोऱ्या येवू दे. मी मान खाली घालून स्लिपा फाडत होतो. त्या दिवशी एका बाईला मी तिच्या सासूची स्लिप दिली, आणि एका माणसाला त्याच्या नुकत्याच वारलेल्या भावाची. तो माणूस म्हणाला, काका, त्याला आणायला पण गाडी पाठवलीय का?

दुपारी सुरतची गाडी आली. नऊ जणांच्या गाडीत कोंबून भरलेली माणसं एकेक करून उतरली, पाय झटकले, केस नीट केले. आक्का उठून उभी राहिली होती. ती प्रत्येकाकडे बघत होती. शेवटचा उतरल्यावर तिने पुढे जाऊन गाडीच्या आत वाकून पाहिलं. मग ड्रायव्हरला काहीतरी विचारलं. त्याने खांदे उडवले आणि माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं.

ती माझ्याकडे आली.

“भाऊ, तो नही उना.”

“नाही आला, आक्का.”

“दुसरी गाडी शे का?”

मी टेबलावरून उठलो आणि तिला लिंबाखाली बाजूला घेऊन गेलो. सांगितलं, की त्याचं नाव यादीत राहिलं नाही, म्हणून गाडीत बसवलं नाही.

“कोनी काढं?”

आमच्याकडे अशा वेळी कॉम्प्युटरचं नाव सांगतात. माझं अर्धं दुकान त्याच्यावर चालतं. लोकही मान हलवून निघून जातात, कॉम्प्युटरशी कोण भांडणार? तो शब्द माझ्या तोंडात आलाही होता. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, त्या मॅडम आल्या होत्या ना...

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. तिला सगळं एकदमच कळलं. साडीचा पदर दोन्ही हातांत धरून ती जमिनीकडे बघत राहिली.

“मीच सांगं ना,” ती म्हणाली. “घर लिधं म्हनीसन.”

“मी त्यांना घेऊन आलो होतो, आक्का. तुम्हाला बोलायला मी लावलं.”

“तू लई उना. सांगं ते मीच.”

याच्यावर मी खूप काही बोललो असणार, मला बोलायची सवयच आहे. काय बोललो ते आठवत नाही. पुन्हा नाव लावू, मी स्वतः फॉर्म भरतो, असलं काहीतरी. तिने ते ऐकलं नाही. लोक आत जात होते, बाहेर येत होते, बोटं एकमेकांना दाखवत होते. मग तिने मला विचारलं, आता कोणाला द्यायचं?

इतकी वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहिलो, चहा प्यायलो, पाया पडलो, एकाने तरी आपणहून हा प्रश्न विचारावा म्हणून. कोणी विचारला नव्हता. आमचा उमेदवार टेबलाजवळच उभा होता, हात जोडून. मी म्हणालो, कोणालाही द्या, आक्का.

ती एकटी आत गेली. या वेळी नगरसेवक, नगराध्यक्ष अशी एकापेक्षा जास्त बटणं दाबायची होती. बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही. रांगेतले लोक कुरकुरायला लागले, आतून कोणीतरी आजीबाई, आजीबाई म्हणताना ऐकू आलं. मग लांब शिट्टी वाजली. ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता घराकडे वळली. कोणाला दिलं, हे मी विचारलं नाही. प्रश्नचिन्ह होतं तसंच राहू दिलं.

थोड्या वेळाने ती परत आली, हातात कापडाने बांधलेलं ते पातेलं. सुरतची माणसं परतीसाठी गाडीजवळ जमत होती. त्यातलं कोणी मुलाच्या घराच्या बाजूला राहतं का, ते ती विचारत होती. कोणी राहत नव्हतं, आणि आमटी भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन इतक्या लांब जायला कोणी तयार होईना. तिने मग तिथेच ओट्यावर ते उघडलं आणि त्या माणसांना वाढलं. पत्रावळी नव्हत्या. प्रचाराच्या चहाचे कागदी कप होते, त्यात. ती माणसं उभ्याने खात होती आणि म्हणत होती, मावशी, असे डुबुकवडे सुरतला मिळत नाहीत. शेवही तिने त्यांनाच वाटली.

निकालात आम्ही जिंकलो. मी वॉर्ड हातचा गेला म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ज्यांनी माझं ऐकून उलट पैजा लावल्या होत्या त्यांनी मला पेढे आणून दिले. माझ्या बूथचा टक्का वर गेला होता. सत्काराला पुढाऱ्याने नाव घेऊन बोलावलं, गळ्यात हार घातला आणि माईकवर म्हणाला, की काकांकडून शिका, माणसं बाहेर कशी काढायची ते. हार झेंडूचा होता. घरी आणून मी तो दाराला न लावता गच्चीवर टाकला.

मुलाला मी दोनदा फोन केला, नाव परत लावायचं सांगायला. पहिल्यांदा त्याने उचलला नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, आता नको मामा, बायकोने माझं नाव इकडच्या यादीत लावून टाकलं.

त्यानंतर एका दुपारी आक्का दुकानात आली. एरवी ती दुकानात येत नाही; काही असलं तर ओट्यावरून हाक मारते. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, आणि पिशवीत आधार कार्ड, मतदानाचं कार्ड, रेशन कार्ड. तिने सगळं काउंटरवर मांडलं. गिऱ्हाइकं जाईपर्यंत कडेला उभी राहिली. मग म्हणाली,

“भाऊ, मन्हं नाव सुरतले लागी का?”

मला आधी कळलं नाही. ती म्हणाली, तिथेही निवडणुका असतातच ना. त्याचं नाव तिकडे गेलं, तर माझंही तिकडे लाव. “मंग मी जासू. मतदानले जाई ऱ्हायनू म्हनीसन.”

मी जागा बदलल्याचा फॉर्म काढला. मी तिला समजावून सांगितलं, की यासाठी तुम्ही तिथे राहता असं दाखवावं लागतं. त्याच्या घरचा पत्ता लिहावा लागेल, त्याची सही लागेल. ती म्हणाली, विचार त्याला.

मी फोन लावला आणि आवाज बाहेर ठेवला. मुलगा कामावर होता. मी त्याला सांगितलं, आक्का इथेच आहे, आणि तिला काय हवंय तेही सांगितलं. पुढे फक्त माग चालू राहिले.

“घरमा इचारीसन सांगस, मामा,” तो म्हणाला.

आक्काने हात पुढे केला. मी फोन तिला दिला.

“ऱ्हाऊ दे रे बेटा,” ती म्हणाली. “तुन्हं जेवन व्हयनं का?”

झालं म्हणाला. डब्यात काय होतं, तिने विचारलं. त्याने सांगितलं, भेंडी. तिने विचारलं, भेंडी सुकी होती का रस्सा? पोरं खातात का? त्यांना तिखट चालतं का? तो एकेकाचं उत्तर देत होता, आवाज चढवून, खडखडाटावरून. शेवटी शेठ येतोय म्हणाला आणि फोन बंद झाला. ती तो तसाच कानाशी धरून उभी होती. मग काउंटरवर ठेवला, कार्डं पिशवीत घातली आणि पथारीवर अर्धा दिवस भरायला जायचंय म्हणाली.

पायरी उतरताना थांबली.

“भाऊ, तू मन्हं नाव लिखी ठेव. पत्तानी जागा मोकळी ऱ्हाऊ दे.”

मी तिचं नाव लिहिलं.